मूळ नसलेली प्रतिकृती : ‘एफ-१९’ या नावाचा व आकृतीचा इतिहास

१

इंग्रजीतील ‘मॉडेल’ या एका शब्दासाठी मराठीत निदान दोन शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ परस्परविरुद्ध दिशांनी जातात. ‘नमुना’ हा वस्तूच्या आधी असतो. त्याबरहुकूम पुढे वस्तू घडते. ‘प्रतिकृती’ ही वस्तूच्या नंतर येते. जे आधी आहे त्याकडे पाहून ती घडवावी लागते. शिंपी ज्या कागदावरून कापड बेततो तो नमुना होय. दिवाळीत मुले अंगणात दगडमातीचा जो रायगड रचतात ती प्रतिकृती होय. दोहोंतही मूळ आणि अनुकरण यांचा संबंध गृहीत आहे. भेद आहे तो केवळ पूर्वापर क्रमाचा.

हा संबंधच जेथे नाहीसा झाला अशा एका वस्तूचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे. १९८६ साली अमेरिकेतील टेस्टर कंपनीने ‘एफ-१९’ या नावाच्या लढाऊ जेट विमानाचा सुट्या भागांचा संच बाजारात आणला. तो चाळीसआठांश प्रमाणाचा होता, म्हणजे मूळ विमानाचे चार फूट हे प्रतिकृतीत एक इंच. हा संच काही लाखांच्या संख्येने खपला. त्यातील भाग जुळवून, चिकटवून व रंगवून जे विमान तयार होई तसे विमान जगात कोठेही नव्हते. त्या नावाचे विमान तर कधी अस्तित्वातच आले नाही. म्हणजे ही प्रतिकृती नव्हे, कारण तिला मूळ नाही; आणि हा नमुनाही नव्हे, कारण त्यावरून पुढे काही घडले नाही. असे असूनही या खेळण्यासारख्या वस्तूची चर्चा अमेरिकेच्या विधिमंडळात झाली, आणि एका खऱ्या विमानाच्या अपघाताचा अर्थ लावताना लोकांच्या डोळ्यांपुढे तिचीच आकृती उभी राहिली. हे कसे घडले याचा उलगडा करण्यासाठी प्रथम प्रतिकृती, नंतर नाव आणि शेवटी खरी वस्तू अशा क्रमाने जाणे सोयीचे होईल.

२

विमानांच्या लहान प्रतिकृती ठरीव प्रमाणात करण्याची चाल १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये रूढ झाली. लाकडी ‘स्कायबर्ड्‌स’ संचांनी सहा फुटांस एक इंच, म्हणजे बहात्तरांश, हे प्रमाण लोकप्रिय केले आणि १९३६ साली निघालेल्या ‘फ्रॉग पेंग्विन’ या संचांनी तेच प्रमाण प्लास्टिकमध्ये आणले. प्रमाण एकच असल्याने निरनिराळी विमाने शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना करता येऊ लागली. ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाही. तिच्यामुळे प्रतिकृती हे केवळ खेळणे न राहता मापनाचे साधन झाले.

याचा प्रत्यय दुसऱ्या महायुद्धात आला. १९४२ च्या प्रारंभी अमेरिकेच्या नौदलाने देशातील माध्यमिक शाळांना आवाहन करून बहात्तरांश प्रमाणाची पाच लाख लाकडी विमाने मुलांकडून करवून घेण्याची योजना आखली. ५० प्रकारची विमाने, प्रत्येकाच्या १०,००० प्रती, असा तो हिशेब होता. ही विमाने संपूर्ण काळ्या रंगात रंगवावयाची होती. काळा रंग निवडण्यात हेतू होता. आकाशात दूरवर दिसणाऱ्या विमानाचा रंग वा त्यावरील चिन्हे दिसत नाहीत. दिसते ती केवळ बाह्यरेषा. बहात्तरांश प्रमाणाची प्रतिकृती ३५ फुटांवरून पाहिली की २,५२० फुटांवरील, म्हणजे सुमारे अर्ध्या मैलावरील, विमानाइतकी भासते. तोफेवरील सैनिकाने शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते हे क्षणार्धात ओळखावे, यासाठी ही साधना होती. त्या ओळखीत चूक झाली तर आपलाच वैमानिक मरावयाचा. येथे प्रतिकृतीच्या अचूकतेवर माणसाचा प्राण अवलंबून होता.

युद्धानंतर हा व्यवसाय मुलांच्या व छांदिष्टांच्या हाती गेला. पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक वितळवून दाबाने पोलादी साच्यात भरण्याची पद्धत रुळली. एअरफिक्स, रेवेल, मोनोग्राम या कंपन्यांचे संच घरोघर पोचले. तथापि अचूकता आणि राष्ट्ररक्षण यांचे जुने नाते सुटले नाही. ते केवळ उलटे झाले. १९६१ साली रेवेल कंपनीने पोलॅरिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या अणुपाणबुडीची प्रतिकृती विक्रीस काढली. तिच्या एका बाजूचे आवरण काढले की आतील खोल्या व यंत्रे दिसत. अणुपाणबुड्यांचे जनक मानले जाणारे ॲडमिरल रिकोव्हर यांनी यावर कडक आक्षेप घेतला. लक्षावधी डॉलरांची माहिती शत्रूला तीन डॉलरांहूनही कमी किमतीत मिळते आहे, असा त्यांच्या तक्रारीचा आशय होता. युद्धकाळात प्रतिकृती अचूक नसण्याचे भय होते. शांततेत ती अचूक असण्याचे भय निर्माण झाले. ‘एफ-१९’चे प्रकरण या दुसऱ्या भयाच्या परंपरेत जन्मले. मात्र तेथे भीती अचूकतेची होती आणि वस्तू अचूक मुळीच नव्हती.

३

आता नावाकडे वळू. १९६२ पर्यंत अमेरिकेचे हवाईदल व नौदल आपल्या विमानांना वेगवेगळ्या पद्धतींनी नावे देत असत. त्या वर्षी सर्व दलांसाठी एकच पद्धती ठरली: कार्यदर्शक अक्षर आणि त्यापुढे चढता क्रमांक. ‘एफ’ हे अक्षर ‘फायटर’ म्हणजे लढाऊ विमानाचे द्योतक होय. या पद्धतीनुसार एफ-१४, एफ-१५, एफ-१६ ही विमाने आली. एफ-१७ च्या प्रायोगिक विमानातून नौदलासाठी एफ-१८ निघाले. पुढे १९८२ साली नॉर्थ्रॉप कंपनीच्या नव्या विमानास एफ-२० हे नाव मिळाले. मध्ये १९ हा आकडा रिकामा राहिला.

अशा मालिकेत रिकामी जागा म्हणजे केवळ अभाव नव्हे. भाषेच्या व्यवस्थेत रिकामी जागा स्वतःच काही सांगू लागते. एखादे रूप नियमाने अपेक्षित असावे आणि ते सापडू नये, म्हणजे ऐकणारा त्याचे कारण शोधू लागतो. याच मालिकेत १३ हा आकडाही वगळलेला होता. परंतु तेरा अशुभ मानण्याची पाश्चात्य समजूत सर्वांस ठाऊक असल्याने त्या जागेबद्दल कोणाला कुतूहल वाटले नाही. एकोणिसाला असा समजुतीचा आधार नव्हता. सबब तेथे काहीतरी असलेच पाहिजे आणि ते लपविलेले असले पाहिजे, असे अनुमान निघाले.

या अनुमानाला बळकटी देणारी घटना आधीच घडून गेली होती. २२ ऑगस्ट १९८० रोजी अमेरिकेचे संरक्षणमंत्री हॅरॉल्ड ब्राउन यांनी, रडारला सहजी न सापडणारी विमाने करण्याचे तंत्र हाती आल्याचे वार्ताहरांना जाहीर केले होते. या तंत्राला ‘स्टेल्थ’ म्हणत. विमान आहे, पण त्याचे नाव कोणाला माहीत नाही. नाव आहे, पण त्याचे विमान कोणाला माहीत नाही. असे दोन अर्धे तुकडे समोर असता लोकांनी ते जोडून टाकले आणि न दिसणारे विमान म्हणजेच एफ-१९ असा समज वैमानिक नियतकालिकांतून रूढ झाला. टॉम क्लॅन्सी यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेड स्टॉर्म रायझिंग’ या कादंबरीतही हे विमान याच नावाने वावरते.

ज्या शब्दाला वस्तू नाही त्याने अर्थाचा बोध कसा व्हावा, हा प्रश्न भारतीय शब्दशास्त्राला नवा नाही. सशाचे शिंग, आकाशातील फूल, वांझेचा पुत्र ही उदाहरणे तर्कग्रंथांत पदोपदी येतात. पतंजलीच्या योगशास्त्रात वस्तुशून्य असूनही शब्दामागोमाग जाणाऱ्या ज्ञानाला ‘विकल्प’ अशी संज्ञा दिली आहे, आणि ते ज्ञान भ्रमाहून निराळे मानले आहे. भर्तृहरीने शब्दार्थाला बाह्य सत्तेहून वेगळी अशी औपचारिक सत्ता कल्पिली, ती याच अडचणीतून. एफ-१९ हा विसाव्या शतकातील विकल्पच म्हणावा लागेल. भेद इतकाच, की सशाचे शिंग कोणी साच्यात ओतून पेटीत घालून विकले नव्हते.

४

लपविलेले खरे विमान होते, हे मात्र सत्य होते. ते कसे दिसत होते आणि तसे का दिसत होते, याचा उगम एका भाषांतरात आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव्ह यांचा, कडांवरून विद्युच्चुंबकीय तरंग कसे विखुरतात याचे गणित मांडणारा ग्रंथ १९६२ साली रशियन भाषेत प्रसिद्ध झाला. त्यात गुप्त असे काही आहे, असे त्या देशातील अधिकाऱ्यांस वाटले नाही. १९७१ साली अमेरिकन हवाईदलाच्या परकीय तंत्रज्ञान विभागाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. लॉकहीड कंपनीतील डेनिस ओव्हरहोल्सर यांच्या वाचनात ते आले, आणि विमानाच्या आकृतीवरून रडारवर किती प्रतिध्वनी उमटेल हे गणिताने आधीच काढता येईल, असे त्यांच्या ध्यानी आले.

तथापि त्या काळच्या गणकयंत्रांची शक्ती मर्यादित होती. वक्र पृष्ठभागाचे गणित त्यांना झेपण्यासारखे नव्हते. सपाट त्रिकोण-चौकोनांचे झेपत होते. म्हणून विमानच सपाट पैलूंचे करण्यात आले. पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखी ती आकृती होती. रडारचा किरण ज्या दिशेने येई त्या दिशेला परत न जाता भलतीकडेच फेकला जाई. १९७६ साली न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे लॉकहीड व नॉर्थ्रॉप यांच्या पूर्णाकृती लाकडी-धातूच्या आकृत्या खांबावर चढवून त्यांवर रडारचे किरण सोडण्यात आले, आणि लॉकहीडची आकृती सरस ठरली. खऱ्या विमानाचे भवितव्य अशा रीतीने एका न उडणाऱ्या नमुन्याने ठरविले, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही.

या आकृतीवरून केलेले ‘हॅव ब्लू’ हे प्रायोगिक विमान १ डिसेंबर १९७७ रोजी नेव्हाडाच्या वाळवंटात उडाले. त्यावरून बांधलेल्या मोठ्या विमानाने १८ जून १९८१ रोजी पहिले उड्डाण केले. त्याचे अधिकृत नाव ‘एफ-११७ ए’ असे होते, परंतु ते नाव बाहेर कोणास ठाऊक नव्हते. १९८३ च्या ऑक्टोबरपासून नेव्हाडातील टोनोपा येथील तळावर ही विमाने सेवेत होती. दिवसा ती बंद गोदामांत राहत आणि केवळ रात्री उडत. वैमानिकांच्या घरच्यांनाही ते काय चालवितात हे सांगण्याची मुभा नव्हती.

५

टेस्टर ही इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथील कंपनी. डिंक व प्रतिकृतींचे रंग यांसाठी तिचे नाव मुलांच्या परिचयाचे होते. तिचे रचनाकार जॉन अँड्र्यूज हे गुप्त विमानांचे जुने अभ्यासक होते. खऱ्या विमानाचे छायाचित्र त्यांना मिळाले नव्हते. मिळणे शक्यही नव्हते. रडारचे प्रसिद्ध सिद्धान्त आणि लॉकहीडच्या पूर्वीच्या एसआर-७१ या विमानाची ज्ञात घडण, यांवरून त्यांनी तर्क केला. एसआर-७१ चे अंग पंखांत वितळून गेल्यासारखे आहे आणि त्याची दोन्ही उभी शेपटे आत झुकलेली आहेत. एफ-१९ चेही अंग तसेच गुळगुळीत व वक्र करण्यात आले, शेपटे आत झुकविण्यात आली, आणि सर्व रेषा पाण्यात पोहणाऱ्या चपट्या माशासारख्या सलग नेण्यात आल्या. खरे विमान नेमके याच्या उलट होते. त्यात वक्रता जवळपास नव्हतीच, आणि शेपटे बाहेर झुकलेली होती.

हा तर्क मूर्खपणाचा होता असे मात्र म्हणता येत नाही. नॉर्थ्रॉप कंपनीचे ‘टॅसिट ब्लू’ हे वक्र पृष्ठभागांचे गुप्त विमान १९८२ सालीच उडाले होते. त्याचे अस्तित्व १९९६ साली प्रकट झाले. पुढे गणकयंत्रांची शक्ती वाढल्यावर बी-२ हे बाँबफेकी विमान वक्रच झाले. अँड्र्यूज यांचा सिद्धान्ताचा अंदाज बरोबर होता; चुकला तो लॉकहीडचा विशिष्ट मार्ग. तो मार्ग गणकयंत्राच्या दुबळेपणातून निघाला होता, आणि दुसऱ्याच्या यंत्राचा दुबळेपणा तर्काने ओळखणे कोणालाही कठीण.

संच हाती घेणाऱ्या माणसाच्या कामाकडे पाहिले असता या गोष्टीची एक वेगळीच बाजू दिसते. सुटे भाग प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीला लागून येतात. ते धारदार पात्याने सोडवावे लागतात आणि काडीचा राहिलेला खुंट कानशीने घासावा लागतो. वैमानिकाची बैठक व तिच्यापुढील यंत्रफलक आधी रंगवून आत बसवितात, कारण अंगाचे दोन भाग मिटल्यावर तेथे कुंचला पोचत नाही. चिकटविण्याचे द्रव्य डिंकासारखे दोन भागांच्या मध्ये राहत नाही. ते प्लास्टिकच विरघळवून दोहोंचे एक करते. तरीही सांध्याची रेषा उरतेच. तिच्यात लांबी भरून, ती वाळल्यावर पाण्यात बुडविलेल्या बारीक पॉलिश पेपराने ती घासून काढतात. अस्तराचा करडा रंग दिला की राहिलेला प्रत्येक ओरखडा उघडा पडतो आणि काम पुन्हा मागे जाते.

एफ-१९ सारख्या वक्र आकृतीत उत्तम काम म्हणजे कड कोठेही न उरणे. याउलट पैलूदार विमानाच्या प्रतिकृतीत उत्तम काम म्हणजे प्रत्येक कड जशीच्या तशी राखणे. तेथे हात थोडा जास्त फिरला तरी कड बोथट होते आणि विमानाचे सारे मर्मच नष्ट होते. खऱ्या विमानात जो गुण होता तोच १९८६ च्या कारागिराला दोष वाटला असता आणि त्याने तो निगुतीने घासून काढला असता. दोन आकृत्यांमधील विरोध याहून स्पष्ट करणारे उदाहरण शोधून सापडणार नाही.

रंगाचीही हीच कथा आहे. एफ-१९ चा रंग निस्तेज काळा. लहान आकृतीवर निखळ काळा रंग दिला की प्रकाशछाया नाहीशा होतात आणि वस्तू कोळशाच्या तुकड्यासारखी दिसू लागते. म्हणून अनुभवी माणसे काळ्यात थोडा करडा मिसळतात. दूरच्या वस्तूचा रंग हवेच्या थरामुळे फिकट दिसतो, आणि लहान प्रतिकृती म्हणजे दृष्टीच्या हिशेबाने दूरची वस्तूच होय, हे त्यामागील कारण. परंतु किती करडा मिसळावयाचा? इतर कोणत्याही विमानाबाबत याचे उत्तर छायाचित्रांत, संग्रहालयात वा हवाईदलाच्या रंगपट्टिकेत सापडते. येथे असे प्रमाण कोठेच नव्हते. प्रतिकृती करणाऱ्याची सारी शिस्त चूक सापडण्याच्या शक्यतेवर उभी असते. मूळच नाही तेथे चूकही नाही, आणि चूक नाही तेथे बरोबर या शब्दालाही अर्थ उरत नाही. कारागिरी परिपूर्ण, पण प्रामाण्य शून्य, अशी ही विलक्षण अवस्था होती.

६

१९८६ च्या उन्हाळ्यात दोन घटना घडल्या. त्यांपैकी एक हास्यास्पद व दुसरी शोकजनक होती. लॉकहीड कंपनीकडील गोपनीय कागदपत्रांच्या सुरक्षिततेची चौकशी त्या वेळी प्रतिनिधिगृहाची एक उपसमिती करीत होती. ऑरेगॉन राज्याचे प्रतिनिधी रॉन वायडन यांनी या निमित्ताने टेस्टरच्या संचाचा प्रश्न उपस्थित केला. लोकप्रतिनिधींना जे पाहण्याची परवानगी नाही ते खेळण्यांच्या पेटीतून विकले जाते, अशी त्यांची तक्रार होती. या तक्रारीत एक गृहीत दडलेले होते, ते म्हणजे पेटीतील वस्तू खरी आहे. ती खोटी आहे असे हवाईदलाला सांगता येत नव्हते, कारण खोटी म्हणण्यासाठी खरी काय आहे हे मान्य करावे लागले असते. मौनाचा अर्थ लोकांनी संमती असा घेतला आणि संचाचा खप आणखी वाढला.

दुसरी घटना ११ जुलै १९८६ च्या मध्यरात्रीनंतरची. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या डोंगरात एक विमान कोसळले आणि त्यातील वैमानिक मेजर रॉस मलहेअर हे मृत्यू पावले. सशस्त्र पहारे बसवून तो परिसर बंद करण्यात आला आणि वरील आकाशही इतर विमानांना वर्ज्य झाले. वैमानिकाचे नाव जाहीर झाले. विमानाचे नाव सांगण्यास नकार देण्यात आला. साहजिकच ती रिकामी जागा एफ-१९ ने भरून काढली. मेजर मलहेअर ज्या विमानात मरण पावले त्याला पैलू होते. लोकांनी कल्पनेने पाहिले ते मात्र वक्र होते. मेलेला माणूस खरा, अवशेष खरे, शोक खरा. केवळ ज्या वस्तूभोवती हे सारे घडले तिच्या जागी एक कल्पित आकृती बसलेली. गुप्ततेची किंमत पैशांत मोजतात. ती अशा रीतीनेही मोजावी लागते, याकडे इतिहासकाराने दुर्लक्ष करू नये. आपला माणूस कशाने मेला हे न सांगता येणे ही त्या काळातील टोनोपाच्या कुटुंबांची नित्याची अवस्था होती.

७

एफ-१९ च्या यशाने उत्तेजित होऊन टेस्टर कंपनीने १९८७ साली याच्या जोडीचे एक सोव्हिएत विमान काढले. त्याचे नाव ‘मिग-३७ फेरेट’. हेही संपूर्ण कल्पित होते. तथापि त्याच्या नावाची घडण अभ्यासण्याजोगी आहे. मिग लढाऊ विमानांचे क्रमांक विषम असतात: १५, १७, १९, २१, २३, २५, २९, ३१. सदतीस हाही विषम. सोव्हिएत विमानांना नाटो संघटना जी टोपणनावे देत असे त्यांत लढाऊ विमानाचे नाव ‘एफ’ या अक्षराने सुरू होई. मिग-२१ ला ‘फिशबेड’ व मिग-२५ ला ‘फॉक्सबॅट’ ही नावे मिळाली ती याच संकेताने. ‘फेरेट’ हे नावही ‘एफ’नेच सुरू होते, आणि वरील नावांप्रमाणे तेही दोनच अवयवांचे आहे. म्हणजे ही संज्ञा सर्व नियमांना धरून सिद्ध झालेली होती. तिला व्यंग होते ते फक्त अर्थ नसण्याचे. व्याकरणशुद्धता आणि सत्यता यांचा परस्परांशी संबंध नाही, हे पढविण्यासाठी याहून चांगला पाठ मिळणे दुर्घट.

दैवाची गंमत अशी, की सोव्हिएत तंत्र अमेरिकेच्या मानाने ओबडधोबड असणार या समजुतीने मिग-३७ ला सपाट पैलू देण्यात आले. परिणामी शत्रूचे म्हणून कल्पिलेले हे विमान, आपले म्हणून कल्पिलेल्या विमानापेक्षा, लॉकहीडच्या खऱ्या विमानाच्या कितीतरी जवळ गेले. ज्या गणिताचा पाया एका सोव्हिएत ग्रंथात होता ती आकृती खेळण्यांच्या दुकानात सोव्हिएत म्हणूनच दिसावी, आणि तिच्याकडे कोणी वळूनही पाहू नये! सत्य उघड्यावर पडले होते, पण त्याच्यावर नाव चुकीचे होते. नावावर विश्वास ठेवणाऱ्यांना ते दिसले नाही.

८

१० नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने विमानाचे अस्तित्व मान्य केले आणि एक अस्पष्ट छायाचित्र प्रसिद्ध केले. नाव एफ-१९ नसून एफ-११७ ए असल्याचे त्याच वेळी कळले. हे नाव ऐकून जाणकार अधिकच गोंधळले, कारण १९६२ च्या मालिकेत ते कोठेच बसत नव्हते; एफ-१११ पाशी थांबलेल्या जुन्या मालिकेचा तो ढंग होता. एवढेच नव्हे, तर ‘एफ’ हे अक्षरही वस्तुस्थितीला धरून नव्हते. या विमानावर तोफ नव्हती, रडार नव्हते. हवेत दुसऱ्या विमानाशी झुंजण्याची त्याची योग्यता नव्हती. ते जमिनीवरील लक्ष्यावर बाँब टाकण्यासाठीच केलेले होते. म्हणजे एका बाजूस नियमात बसणारे नाव व नसलेले विमान, दुसऱ्या बाजूस असलेले विमान व नियमात न बसणारे नाव!

प्रतिकृती करणारे तत्काळ कामाला लागले. परंतु छायाचित्र अशा कोनातून घेतलेले होते की पंखांचा मागे जाणारा उतार त्यातून नीट कळत नव्हता. आरंभीच्या चित्रांत तो बराच कमी धरला गेला. प्रत्यक्षात तो ६७ अंशांहूनही अधिक होता. २१ एप्रिल १९९० रोजी नेव्हाडातील नेलिस तळावर विमान लोकांना दाखविण्यात आले, तेव्हा कुठे ४३ फूट ४ इंच पंखविस्तार व सुमारे ६६ फूट लांबी या मापांची प्रतिकृती करणे शक्य झाले. चाळीसआठांश प्रमाणात हे विमान साधारण साडेसत्तावीस सेंटिमीटर रुंद व बेचाळीस सेंटिमीटर लांब होते. आता चूक होणे पुन्हा शक्य झाले, आणि त्याबरोबर बरोबर असणेही.

एकूण ६४ एफ-११७ विमाने बांधली गेली. २००८ साली ती सेवेतून निवृत्त झाली. त्यांपैकी अनेक आज संग्रहालयांत आहेत आणि कोणालाही त्यांच्याभोवती फिरून कडा पाहता येतात. एफ-१९ ला निवृत्ती नाही, कारण त्याला सेवाही नव्हती. जुन्या पेट्या जपणाऱ्यांच्या फडताळात ते अजून आहे, गुळगुळीत, काळे आणि निर्दोष.

९

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. १९४२ मधील शाळकरी मुलांची काळी विमाने ओळख शिकविण्यासाठी होती: जे आहे ते ओळखता यावे म्हणून. १९८६ चे काळे विमान हेही ओळखीसाठीच विकत घेतले गेले, परंतु त्याने जे नाही त्याची ओळख करून दिली, आणि ती इतकी दृढ झाली की जे आहे ते समोर येऊनही काही काळ परके वाटले. शासनाने वस्तू लपविली की लोक वस्तूविना राहत नाहीत. ते दुसरी घडवितात. त्या घडणीत लबाडी असतेच असे नाही. अँड्र्यूज यांनी प्रामाणिकपणे तर्क केला, मुलांनी निष्ठेने सांधे घासले, प्रतिनिधींनी कर्तव्यबुद्धीने प्रश्न विचारला. तरीही या सर्वांच्या प्रामाणिकपणातून एक असत्य उभे राहिले, कारण ते तपासून पाहण्यास लागणारे मूळ कोणाच्याच हाती नव्हते.

नमुना पुढे घडणाऱ्या वस्तूला उत्तर देण्यास बांधलेला असतो. प्रतिकृती मागे असलेल्या वस्तूला. उत्तर देण्याचे हे बंधन सुटले म्हणजे आकृती स्वतंत्र होत नाही. ती निराधार होते. अंगणातील मातीचा रायगड वेडावाकडा असला तरी त्याच्यामागे सह्याद्रीत एक डोंगर उभा आहे, आणि मूल मोठे झाल्यावर तेथे जाऊन आपली चूक पाहू शकते. एफ-१९ करणाऱ्या मुलाला तसे जाण्यास जागाच नव्हती.